पॉवर सीट का कुरकुरते?

पॉवर सीट दोन वेळा आवाज करते. एकदा बटण दाबून ती पुढे-मागे किंवा वर-खाली करताना, आणि एकदा बटणाला हातही न लावता, गाडी खड्ड्यातून जाताना, ब्रेक लागताना, घाटातल्या वळणावर. या दोन आवाजांची कारणे वेगळी, उपाय वेगळे आणि धोकेही वेगळे. तरी बहुतेक गॅरेजांत दोन्हींवर इलाज एकच होतो: सीटखाली वाकून स्प्रेचा एक फवारा. आठवडाभर शांतता, मग पुन्हा तेच. सीटच्या आवाजाबद्दलचा निम्मा गोंधळ या फवाऱ्यातून येतो. म्हणून इथे दोन्ही आवाज वेगवेगळे तपासले आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न तसा नवा. अमेरिकेत १९४० च्या दशकातच तेलाच्या दाबावर सरकणाऱ्या सीट आल्या होत्या, त्यांची जागा पुढे विजेच्या मोटरने घेतली, आणि १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूममध्ये तर बसणाऱ्याची आवडती स्थिती लक्षात ठेवणारी सीटही होती. भारतात मात्र परवापर्यंत ही चैन मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू बाळगणाऱ्यांची होती. आता क्रेटा, सेल्टॉस, हॅरियर, हेक्टर, एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये ड्रायव्हरची सीट सहा किंवा आठ दिशांना विजेवर हलते. त्यांतल्या पहिल्या गाड्या आता वॉरंटीबाहेर पडल्या किंवा पडत आहेत, त्यामुळे कुरकुर ऐकू येऊ लागली यात नवल नाही. त्यात इलेक्ट्रिक गाड्यांची भर. इंजिनाच्या आवाजाखाली जे झाकले जायचे ते तिथे उघडे पडते.

आधी यंत्रणा पाहू, कारण ती कळली की अर्धे निदान झालेच. सीटखाली दोन रेल असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक रेलमध्ये आटे पाडलेला एक लांब दांडा बसवलेला असतो आणि त्यावर नट. दांडा किंवा नट फिरला की सीट सरकते. फिरवायला बारा व्होल्टची छोटी मोटर असते. ती मिनिटाला हजारो फेऱ्या मारते, पण सीट सेकंदाला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर सरकायला हवी. मधला हा वेग कमी करण्याचे काम वर्म गिअर करतो: स्टीलचा पीळदार वर्म आणि त्याला लागून फिरणारे दात्यांचे चाक. वर्म चाकाला फिरवतो, पण चाक वर्मला उलटे फिरवू शकत नाही, म्हणून मोटर बंद झाली की सीट जिथल्या तिथे अडकून राहते. वेगळा ब्रेक लागत नाही. अनेक रचनांमध्ये पुढे-मागे सरकण्यासाठी मोटर एकच असते आणि ती दोन्ही रेलच्या मधोमध बसते. तिच्या दोन टोकांतून निघालेल्या लवचीक केबली डाव्या-उजव्या गिअरबॉक्सपर्यंत फिरती ताकद नेतात. उंची आणि पाठ यांच्या मोटरी वेगळ्या.

यातले वर्मचे चाक बहुधा नायलॉनचे किंवा तशाच प्लास्टिकचे असते, आणि त्यावरून मालक मंडळी कंपनीला मनसोक्त शिव्या देतात. शिव्या अर्ध्याच रास्त आहेत. स्टीलवर स्टील फिरले असते तर सीट पहिल्या दिवसापासून घरघरली असती. शांततेसाठीच प्लास्टिक वापरले, आणि झिजते तेही प्लास्टिकच.

आता बटण दाबल्यावर येणारा आवाज. इंजिन बंद, इग्निशन चालू, एसीचा पंखा आणि संगीत बंद करून एकेक हालचाल स्वतंत्रपणे करून पाहावी: पुढे, मागे, वर, खाली, पाठ. एकदा बसून, एकदा सीट रिकामी ठेवून. जो आवाज एकाच हालचालीत येतो तो त्या हालचालीच्या मोटर-गिअरचा. सगळ्याच हालचालींत सारखा येत असेल तर तो बहुधा यंत्राचा नसून वायरिंगची जुडी, प्लास्टिकचे आवरण किंवा सीटखाली गेलेली वस्तू कुठेतरी घासत असल्याचा. सीटखाली काय काय सापडते याची यादी करण्यात अर्थ नाही. नाणी, पेन, बाटलीचे झाकण आणि लहान मुले असलेल्या घरात खेळण्याचे चाक, एवढे सांगितले तरी पुरे. रेलच्या खाचेत अडकलेले नाणे मोटरला तोडता येत नाही आणि गिअरचे दाते मात्र तोडता येतात, म्हणून पहिले हत्यार टॉर्च आणि दुसरे व्हॅक्युम क्लीनर.

आवाजाच्या लयीकडे कान द्यावा. अखंड, बारीक, किंचाळल्यासारखा सूर असेल तर दोष वेगाने फिरणाऱ्या बाजूला, म्हणजे मोटरचे बुश, कार्बन ब्रश किंवा कोरडी पडलेली केबल इथे असतो. फेऱ्या इतक्या जलद असतात की कानाला एकेक ठोका वेगळा कळत नाही. उलट ठरावीक अंतराने संथ टक... टक... येत असेल तर हळू फिरणाऱ्या चाकाचा एखादा दाता गेलेला असतो, आणि प्रत्येक फेरीत तो एकदा सांगून जातो. मोटर फिरल्याचा गुंजारव येतो पण सीट हलतच नाही, तर चाकाचे दाते साफ गेलेत किंवा केबल टोकातून निसटली आहे. नुसतीच जलद टकटकटक येऊन सगळे ठप्प होत असेल, तर सीटवर हात टाकण्याआधी बॅटरी तपासावी. व्होल्टेज पडले की रिले असा थडथडतो. बराच वेळ बटण दाबून धरल्यावर मोटर थांबते आणि काही मिनिटांनी आपोआप चालू होते, हा तर बिघाडच नव्हे. अनेक मोटरींमध्ये जास्त तापल्यावर वीज तोडणारे संरक्षण असते.

केबलीचा प्रकार जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण त्यात दुरुस्ती किती साधी असू शकते ते दिसते. १९९५ नंतरच्या बीएमडब्ल्यू पाच सिरीजच्या ई-३९ पिढीत सीटची पाठ तिरपी होण्याची तक्रार जगभर गाजली. एक बाजू हलते, दुसरी जागेवरच, आणि सीट मुरगळल्यासारखी दिसते. कारण असे की फिरणाऱ्या आतल्या तारेचे टोक गिअरबॉक्सच्या खाचेत पुरेसे आत राहत नाही आणि घसरू लागते. मोटर ठीक, गिअर ठीक, तार ठीक, फक्त पोहोच कमी. हौशी मालकांनी आणि स्वतंत्र मेकॅनिकांनी शोधलेला उपाय म्हणजे केबलीचे बाहेरचे प्लास्टिक काही मिलिमीटर कापायचे, म्हणजे आतली तार तेवढी पुढे येते आणि पुन्हा घट्ट बसते. ब्लेड आणि अर्धा दिवस पुरतो. हाच दोष घेऊन सर्व्हिस सेंटरला गेल्यावर मोटरीसकट अख्ख्या जुळणीचे कोटेशन हातात पडले, असे अनुभव सांगणारे तेव्हाही खूप होते.

वंगणाबद्दल मात्र कडक बोलायला हवे. डब्ल्यूडी-४० हे सीटच्या रेलचे वंगण नव्हे. १९५३ साली ते पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी बनले, नावातला चाळीस हा चाळिसाव्या प्रयत्नाचा. गंजलेला बोल्ट सोडवायला ते उत्तम. रेलवर मारले की ते जुने ग्रीस पातळ करून धुऊन काढते, स्वतः उडून जाते आणि आटे आधीपेक्षा कोरडे पडतात. आठवडाभराच्या शांततेचे रहस्य हे. दुसरी चूक याहून वाईट: जुन्या ग्रीसवर नवे थापणे. आपल्याकडच्या रस्त्यांवरची धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिची घासपट्टीसारखी पेस्ट बनते आणि वंगण म्हणून जे लावले तेच आट्यांना खाऊ लागते. आधी रेल व्हॅक्युमने साफ करावी, जुने काळे ग्रीस कापडाने आणि जुन्या टूथब्रशने काढावे, मग पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात आट्यांवर आणि रेलच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर द्यावा. प्लास्टिकच्या चाकाला प्लास्टिकला चालणारे सिंथेटिक ग्रीस घ्यावे. सीट टोकापासून टोकापर्यंत तीन-चार वेळा फिरवावी आणि बाहेर आलेले जादा ग्रीस पुसून टाकावे, नाहीतर ते पँटला आणि मॅटला लागते, शिवाय पुन्हा धूळ धरते.

एकाच ड्रायव्हरच्या गाडीत सीट महिनोन्‌महिने हलतच नाही. ग्रीस एका जागी बसते, सुकते, आणि गाडी धुवायला दिली की पोऱ्या सीट मागे ढकलण्यासाठी बटण दाबतो तेव्हा ती प्रथम ओरडते. मालकाला वाटते, पोऱ्याने बिघडवली. अशा सीटला महिन्यातून एकदा पूर्ण फिरवून आणणे हीच देखभाल. उलट दार उघडले की आपोआप मागे सरकणारी, मेमरी असलेली सीट दिवसातून अनेकदा धावते. तिच्या मागे सुटकेस किंवा मुलाची सीट अडकली असेल तर ती त्यावर रेटत राहते आणि हा रेटा सोसतात तेच नायलॉनचे दाते.

पावसाचाही मुद्दा आहे. सीटच्या मोटरी आणि जोडण्या गाडीच्या आतल्या सर्वांत खालच्या भागात असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. तेवढा पूर लागत नाही, दाराच्या उंबऱ्यावरून पाणी आत आले तरी पुरते. गालिचा वरून सुकतो, खाली आटे आणि जोडण्या गंजत राहतात आणि आवाज काही महिन्यांनी येतो. सेकंडहँड गाडी घेताना सीट पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे नेऊन रेलचा एरवी झाकला राहणारा भाग पाहावा. तिथे तांबूस गंज असेल तर विक्रेत्याची पॉलिश विसरून जावी.

गाडी चालताना येणारा आवाज ही दुसरी शाखा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. इथे बहुतेक वेळा मोटरीचा काही संबंध नसतो. हेडरेस्टचे दांडे खडखडतात. पट्ट्याचे बकल सीटच्या प्लास्टिकवर आपटते. लेदरची कड मधल्या कन्सोलला घासून चिरचिरते. बैठकीखालच्या तारेच्या स्प्रिंगांवरची प्लास्टिकची नळी फाटली की धातूवर धातू घासून कुरकुर सुरू होते. हवा खेळवणाऱ्या सीट आता लोकप्रिय आहेत, त्यांच्या आतला छोटा पंखा धूळ ओढून भणभणू लागतो आणि दोष पॉवर सीटच्या माथी जातो. पंखा बंद करून पाहिले की हा वाद मिटतो. शोधायची रीत साधी: दुसऱ्याला गाडी चालवायला देऊन आपण मागे बसावे आणि संशयित जागा एकेक करून हाताने दाबून धरावी. दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. तिथे फेल्टची पट्टी किंवा कापडी टेप लावली की प्रश्न सुटतो. असल्या कुरकुरींचा शोध घेणे हे गाडी उद्योगात एक स्वतंत्र शास्त्र आहे. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत गाड्यांचा आवाज आणि कंप मोजण्याची प्रयोगशाळा आहे. आपल्या हाताशी मात्र कान आणि फेल्ट एवढेच, आणि बऱ्याचदा ते पुरतात.

पण ब्रेक लावताना आणि गाडी पुढे उचलताना, दोन्ही वेळा एकेक ठक असा आवाज येत असेल आणि सीट अंगाखाली किंचित हलल्यासारखी वाटत असेल, तर फेल्टच्या वाटेला जाऊ नये. सीट जमिनीला धरणारे चार बोल्ट आधी तपासावेत, तेही अंदाजे आवळून नव्हे तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला. ते घट्ट असतील तर रेलच्या आत खेळ आला आहे: नटचे आटे झिजले, किंवा रेलमधल्या गोळ्या आणि पट्ट्या सैल पडल्या. सीट दोन-तीन सेंटिमीटर पुढे घेऊन पाहावे. ठक कमी झाली तर झीज नेहमीच्या जागेवर आहे हे पक्के. पाठीला टेकल्यावर करकर येत असेल तर पाठीचा सांधा आणि चौकटीचे वेल्डिंग पाहावे. चौकटीला चीर दिसली की सीट बदलायची, वेल्डरकडे न्यायची नाही.

एवढी काळजी का? अमेरिकेचा सीटविषयीचा सुरक्षा नियम, क्रमांक २०७, सीटने स्वतःच्या वजनाच्या वीसपट ओढ सोसावी असे सांगतो, आणि पट्टा सीटलाच जोडलेला असेल तर त्याचा भार वेगळा. अपघातात आपल्याला जागेवर धरणाऱ्या साखळीत रेल, नट आणि ते चार बोल्ट आहेत. २०१४ च्या जुलैमध्ये जनरल मोटर्सने उंची बदलणाऱ्या पॉवर सीटच्या सुमारे चार लाख गाड्या परत बोलावल्या. उंचीच्या यंत्रणेतला एक बोल्ट सैल होऊन पडू शकत होता आणि तो पडला की सीट चालत्या गाडीत एकदम खाली बसत होती. सीटमधला सैलपणा ही नुसती चिडचिडीची गोष्ट नाही, हे सांगायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

घरी काय करावे आणि काय करू नये, याची रेघ एअरबॅग आखते. आजच्या बहुतेक सीटच्या कुशीत एअरबॅग असते आणि सीटखालची पिवळी जोडणी तिची. सीट जागेवर ठेवून साफसफाई, ग्रीस आणि फेल्ट कोणीही करावे. सीट उतरवायची असेल तर क्रम चुकवू नये. आधी सीट पुढे नेऊन मागचे बोल्ट आणि मागे नेऊन पुढचे बोल्ट सोडवावेत, कारण बॅटरी काढल्यावर सीट हलणार नाही आणि अर्धे बोल्ट तिच्याखाली झाकलेले राहतील. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये सांगितली तेवढी मिनिटे थांबावे, त्यानंतरच पिवळ्या जोडणीला हात लावावा. ती सुटी असताना इग्निशन चालू करू नये, आणि तिच्यावर मल्टिमीटर लावून बघण्याचा मोह तर मुळीच नको. पॉवर सीट मोटरींमुळे जड असते, दोन माणसे लागतात. हातमोजे घालावेत: २०१७ च्या फोर्ड एक्स्प्लोररच्या पॉवर सीटची चौकट धारदार राहिल्याने लोकांचे हात कापले आणि कंपनीला तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. सीट परत बसवल्यावर मेमरी नव्याने शिकवावी लागते, बहुतेक गाड्यांत सीट दोन्ही टोकांना नेऊन. एअरबॅगचा दिवा विझला नाही तर काम पुरे झालेले नाही.

उरला सुट्या भागांचा प्रश्न, आणि इथेच सगळे अडते. झिजते ते बोटभर चाक, पण कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये ते नसते. असते ती रेलची किंवा चौकटीची अखंड जुळणी. मग माणूस कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी सीट शोधतो, किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीत एखाद्या गिअर कापणाऱ्याकडे नमुना घेऊन जातो. जुनी सीट घेताना ती अपघाताच्या गाडीतली नाही ना आणि तिची एअरबॅग उडालेली नाही ना, हे पाहावे. मेमरी असेल तर जोडण्याही जुळायला हव्यात. गिअर बनवून घ्यायचा असेल तर तो नायलॉनचाच घ्यावा. पितळेचा टिकतो असे वाटते, पण तो जास्त आवाज करतो आणि झीज महागड्या वर्मवर ढकलतो. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला गिअर थरांच्या जोडांवर फाटतो. आणि ही सगळी कारागिरी मोटर ते गिअरबॉक्स एवढ्या टप्प्यापुरतीच. जो नट किंवा दातेरी भाग अपघातात सीट धरून ठेवतो तो घरगुती बनावटीचा चालणार नाही, मग कारागीर कितीही नामांकित असो.

सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहने हा एक विभाग आहे. सीटच्या रेल आणि पाठीचे सांधे कंपनीने अखंड विकावेत, सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण मोटर, केबल आणि गिअरबॉक्स सुटे न विकण्यामागे सुरक्षेचे कारण पुढे करता येत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर सीटला हात न लावता आवाज फोनवर रेकॉर्ड करा, सर्व्हिस ॲडव्हायझरला शेजारी बसवून एक फेरी मारा, आणि कोणत्या हालचालीत, कोणत्या रस्त्यावर आवाज येतो ते जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. वॉरंटी संपली असेल तर जुळणीचे कोटेशन मान्य करण्याआधी त्या एका भागाची मागणी लेखी करा आणि नकारही लेखी मागा.